नळाच्या दिवसासाठी चार इंच

गणित शिकवणारी बाई सांडपाण्याच्या पाइपाच्या प्रेमात पडली, हे ऐकून आमच्या शाळेतल्या बाकीच्या मॅडम अजून हसतात. हसू देत. मी पडले हे खरं आहे. त्या उन्हाळ्यात मला झोपेत उतार दिसायचे, आणि रस्त्याने जाताना लोकांच्या घरांच्या भिंतींवरून उतरलेले पाइप बघत मी एकदा म्हशीवर आदळले होते.

सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. आईचं खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं, आई वॉकर धरून चालायला लागली, पण आमचा संडास अंगणाच्या पार मागच्या टोकाला. वडिलांनी घर बांधलं तेव्हा आईनंच हट्ट धरला होता की ही भानगड घरापासून जितकी लांब तितकी बरी. आता तेवढंच अंतर तिला पार करावं लागायचं. मागच्या दारातून उतरायचं, वॉकर खडबडीत फरशीवरून ढकलायचा, आणि एका हाताने मी तिला धरलेलं. तिथे पोचल्यावर दार अर्धवट लोटलेलं आणि बाहेर मी उभी, कारण तिला एकटीला उठता यायचं नाही. आयुष्यभर जिने कुणाला स्वतःची वेणीसुद्धा घालू दिली नाही, तिच्या वाट्याला हे आलं. मग तिनं पाणी पिणंच कमी केलं. डॉक्टर मला ओरडले. मी तिला ओरडले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

माझा मोठा भाऊ पुण्यात असतो. तो फोनवर म्हणाला, "मे महिन्यात येतो आणि आईला घेऊन जातो. इथे तिच्या खोलीला लागूनच सगळं आहे." तो बरोबर बोलत होता, आणि म्हणूनच मला त्याचा भयंकर राग आला.

आई म्हणाली, "मी नाई जात. तिथं चौथ्या माळ्यावर मी कोनाशी बोलू? लिफ्टशी?"

दादानं शेवटी एक सवलत दिली. तो येईपर्यंत घरातच सोय झालेली असली, आणि ती नीट चालत असली, तर आई इथेच राहील. नाहीतर जाताना दोन तिकिटं, आणि ती दोन्ही त्याने काढूनही ठेवली होती.

आईच्या खोलीला लागून धान्याची कोठी होती. तिच्यात आता धान्य कमी आणि जुन्या गाद्या जास्त. तिथे कमोड, बेसिन आणि बसून अंघोळ करायची जागा करायची असं मी ठरवलं. आई कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "घरात संडास? अन् तिकडून देवघर?"

"मधात स्वयंपाकघर हाये, माय. अन् नाईच पटत तं पुण्याले जाय."

"बांध बाई, बांध," आई म्हणाली.

आमचा प्लंबर मोटरसायकलवर आडवे पाइप बांधून गावभर फिरतो. बोलका माणूस. त्याला कशाचीच शंका येत नाही. कोठी पाहिली, बाजूच्या बोळातून गल्लीपर्यंत चालत गेला, नव्या गटाराच्या चेंबरचं झाकण उचलून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, सहा इंची टाकून देऊ. हत्ती गेला पायजे त्याच्यातून. टेन्शनच नाई."

"आमच्याकडे हत्ती नाही. आई आहे," मी म्हणाले.

"आईसाठीच म्हनून राह्यलो ना!"

मला वाटलं, बरोबरच आहे, मोठा पाइप म्हणजे तुंबायची भीती नाही. पण माझी एक इंजिनिअर मैत्रीण आहे. तिला सहज विचारलं तर ती फोनवर किंचाळलीच. "सहा इंची? एका घराला? अगं, आधी कोड वाच!" आणि तिने इमारतींच्या कोडातलं, म्हणजे बांधकामाच्या सरकारी नियमांतलं, प्लंबिंगचं प्रकरण मला पाठवून दिलं.

मी ते संध्याकाळी वाचायला घेतलं, आणि भाकरी करपली. इतकी सुंदर गोष्ट एवढ्या रुक्ष भाषेत कुणी लिहिली असेल असं मला वाटलं नव्हतं. कोड असं सांगतो: घरातल्या प्रत्येक वस्तूला एक वजन द्या. बेसिनचं वजन अगदी थोडं, न्हाणीचं त्याहून जास्त, संडासाचं सगळ्यांत जास्त, कारण तो एकदम पाणी सोडतो. सगळ्या वजनांची बेरीज करा, आणि तक्त्यात पाहा की एवढ्या वजनाला किती इंची पाइप लागतो. आणि त्या तक्त्याच्या पोटात काय दडलेलं? संभाव्यता! दहावीच्या पोरांना मी जी फाशांनी आणि पत्त्यांनी शिकवते, तीच. घरातले सगळे नळ, सगळ्या न्हाण्या, सगळे संडास एकाच क्षणी चालू होण्याची शक्यता फार कमी असते, म्हणून पाइप तेवढा मोठा लागत नाही. मी उठून आईच्या खोलीत गेले आणि तिला सगळं घडाघडा सांगितलं.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे कोन कवा संडासले जाते, हे लिहून ठेवलं त्याईनं?"

"तसंच समज."

"बिनकामाचे लोकं," आई म्हणाली, पण तिला हसू आलं होतं. कितीतरी दिवसांनी आलं होतं.

मोठा पाइप वाईट का, तेही कळलं. पाण्याने नुसतं वाहून चालत नाही, त्याने आपल्याबरोबरचं सगळं उचलून न्यावं लागतं. अरुंद पाइपात थोडं पाणीही उंच राहतं आणि माल तरंगवत नेतं. रुंद पाइपात तेच पाणी पसरतं आणि माल तिथेच बसवून पुढे निघून जातं. उताराचंही तसंच, कमी झाला तर पाणी रेंगाळतं, फार झाला तर एकटंच पळतं. आणि आमच्या गल्लीतलं चेंबर इतकं उथळ की फार उतार मिळणारच नव्हता. चार इंची पाइपाला दर पन्नास फुटांमागे फूटभर उतार, एवढा मात्र नीट बसत होता.

हे प्लंबरला तोंडी पटेना. मग मी त्याच्याचकडून सहा इंची आणि चार इंची पाइपाचे तुकडे उभे चिरून घेतले, अंगणात एकाच उताराला मांडले, दोन्हींत भिजवलेले हरभरे टाकले आणि दोन्हींत एकेक तांब्या पाणी ओतलं. चार इंचीतले हरभरे उड्या मारत खाली गेले. सहा इंचीतले तिथेच बसून राहिले. आई मागच्या दारात खुर्चीवर बसून बघत होती आणि टाळ्या वाजवत होती.

"अजून एक डाव," प्लंबर म्हणाला. दुसऱ्या डावाला त्याने पाणी स्वतः ओतलं. हरभरे पुन्हा बसून राहिले. "हाव ताई, चारच टाकू," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून गावात जिथे जाईल तिथे हरभऱ्याची गोष्ट स्वतःच शोधून काढल्यासारखी सांगायला लागला.

म्हणजे झालं. बेरीज बसली, उतार बसला. चार इंच. मी कागदावर घराची आकृती काढून भिंतीला चिकटवली आणि दोन दिवस तिच्याकडे बघत चहा प्यायले.

आणि मग नळ आला.

आमच्या गावात उन्हाळ्यात नळाला रोज पाणी नसतं. आठवड्याने येतं, कधी त्याहून उशिरा, आणि येतं तेव्हा तो सणच असतो. गल्लीच्या टोकाला कुणीतरी "नळ आला!" अशी आरोळी ठोकतं आणि दारं फटाफट उघडतात. नवं पाणी भरायचं तर जुनं रिकामं करायला हवं, म्हणून ड्रममध्ये उरलेल्या पाण्याने त्याच सकाळी सगळं धुऊन निघतं. गोधड्या, चटया, पायपुसणी, सायकल, कुत्रा. मग ड्रम आडवे पाडून तळाचा गाळ घासायचा आणि तेही पाणी सोडायचं. एवढे दिवस तांब्यावर भागवलेले सगळे एकापाठोपाठ डोक्यावरून अंघोळ करतात. आठवडाभर जपून वापरलेलं पाणी दोन तासांत वाहतं, आणि नेमकं सगळ्या घराचं एकाच वेळी.

मी पदर खोचून मोगरीने गोधडी बडवत होते. बादली उलटी केली, पाणी बोळातल्या उघड्या नालीकडे धावलं, आणि माझा हात थांबला. सगळ्या वस्तू एकाच वेळी चालू होण्याची शक्यता फार कमी! अरे, इथे तर ती शंभर टक्के आहे, आणि तीही ठरवून! तक्ता करणाऱ्यांच्या घरी रोज नळ येत असणार. त्यांच्या तक्त्यात नळाच्या दिवसाची ओळच नव्हती. आणि उलट बाजूने पाहिलं तर बाकीच्या दिवशी आम्ही कमोडमध्ये अर्धी बादली ओतणार, म्हणजे तक्त्याला वाटतं त्याहून कमी. सहा दिवस पाइपाला पाण्याची उपासमार, आणि सातव्या दिवशी पूर!

नळाच्या दिवसासाठी मोठा पाइप घ्यावा तर बाकीचे सहा दिवस घाण बसून राहणार. चार इंची ठेवावा तर पुराचं काय? नवा पाइप ही नाली बुजवूनच जाणार होता, आणि दोन वेगळ्या लाइनी टाकायला बोळात जागा नव्हती. मी ओल्या साडीत, हातात मोगरी घेऊन, त्या वाहत्या नालीकडे बघत उभी राहिले. पाणी नालीतला आठवड्याचा सगळा कचरा ढकलत चाललं होतं. सुकलेली पानं, साबणाचा थर, कुणाची तरी चप्पल. सगळं साफ!

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. पुराला घाबरायचं काऊन? त्याला कामाला लावायचं! लाइन कोठीपासून सुरू करायचीच नाही. ती मागच्या अंगणातून, ड्रम ठेवतो त्या ओट्यापासून सुरू करायची. ओटा वर, मधे आईचा कमोड, खाली गल्लीचं चेंबर. म्हणजे सहा दिवसांत जे काही पाइपात रेंगाळेल, ते सातव्या दिवशी नळाचं पाणी घासून पुसून घेऊन जाईल. आणि ओट्याच्या जाळीखालचं तोंड तीन इंची ठेवायचं. तीन इंचातून कितीही घुसलं तरी खालचा चार इंची पाइप भरून जाणार नाही. फार तर ओट्यावर थोडं तळं साचेल. साचू दे, आम्हाला पाण्याचं तळं बघायची हौसच आहे.

"माय! सापडलं!" मी ओरडले.

"काय सापडलं? चप्पल?" आईने आतून विचारलं.

प्लंबरला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, जरा हळू बोला ना, काहीच समजून नाई राह्यलं." पण आला, आणि काम सुरू झालं. ओटा दोन विटांनी उंच केला. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल धरली. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. कमोडजवळून हवेचा पाइप वर गच्चीपर्यंत नेला, कारण वाहतं पाणी आपल्याबरोबर हवा ओढतं आणि त्याला वरून श्वास लागतो. कोड म्हणतो, गच्ची वापरातली असेल तर हा पाइप डोक्याच्याही वर जायला हवा. तेवढा तुकडा कमी पडला. "उद्या आनतो," प्लंबर म्हणाला, आणि पाइप गच्चीवर गुडघ्याएवढाच राहिला. त्याचा उद्या म्हणजे काय, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

दादा मलकापूरला गाडीतून उतरला आणि दुपारी घरी पोचला. पाय धुतले न धुतले तोच कोठीत गेला. भिंतीतले दांडे ओढून पाहिले, कमोडवर बसून पाहिलं, बादली ओतली. पाणी गुपचूप गेलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"छान केलंयस," तो म्हणाला. "पण एका बादलीने काय कळतं? उद्या नळ येणार म्हणतेस ना? उद्या बघू."

मला त्याचा पुन्हा राग आला, कारण तो पुन्हा बरोबर होता. आई दोघांकडे पाळीपाळीने बघत होती. तिची बॅग पलंगाखाली भरून ठेवलेली होती. तिनेच भरली होती, न सांगता. ती मला तेव्हाच दिसली.

सकाळी आरोळी आली. नळ आला! मी सज्जच होते. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं, त्या सुनेला घेऊन आल्या. प्लंबरही आला, फुकटचा तमाशा तो कसा सोडेल. दादाला गल्लीतल्या चेंबरपाशी उभं केलं, झाकण उघडून. आई कोठीच्या दारात खुर्चीवर.

"सोडा!" मी ओरडले, आणि आम्ही ड्रम आडवे पाडले.

ओट्यावर पाणी पसरलं, जाळीत घुसलं, गोल भोवरा झाला आणि पाइप गर्जायला लागला. अशी गर्जना मी कधी ऐकली नव्हती! गल्लीतून दादाचा आवाज आला, "येतंय! जोरात येतंय!" मी बोळातून पळत त्याच्याकडे निघाले, आणि तेवढ्यात आई ओरडली, "अवं, हे काय बोलून राह्यलं पाय!"

कमोड बोलत होता. गुळुक, गुळुक, गुळुक. त्यातलं पाणी वर-खाली उचंबळत होतं, मोठमोठे बुडबुडे फुटत होते. काकूंची सून मागे सरली. दादाही येऊन दारात उभा राहिला. त्याने आधी कमोडकडे पाहिलं, मग आईच्या बॅगेकडे. बेरीज बरोबर होती, उतार बरोबर होता, मग हे काय?

मी डोळे मिटले आणि कानांनी पाइप तपासला. हवा! तो हवा मागत होता. कुठूनच मिळेना म्हणून कमोडमधून ओढत होता.

"दादा, गच्चीवर पळ! हवेचा पाइप बघ!"

दादा पुण्यातल्या ऑफिसात मोठा साहेब आहे आणि पंधरा वर्षांत मी त्याला पळताना पाहिलं नव्हतं. तो जिना चढला तो दोन-दोन पायऱ्या टाकत. मग वरून, पुण्याचं सगळं वळण एका झटक्यात विसरून, तो ओरडला, "अबे, इथं तं प्लास्टिकची पन्नी बांधेल हाये! सुतळीनं! गच्च!"

"कोणी बांधली?" मी किंचाळले.

काकूंनी आईकडे पाहिलं. आईने वॉकरकडे पाहिलं.

"म्याच सांगतलं यायले," आई काकूंकडे बोट दाखवत हळूच म्हणाली. "गच्चीवर कुरडया वाळून राह्यल्या ना. तो पाइप त्याईच्या बाजूलेच. कुरडयाले वास नाई लागन?"

राहायचं की जायचं याचा फैसला होता तिचा स्वतःचा, आणि तिने कुरडयांसाठी पाइपाचं नाक दाबून ठेवलं होतं! मी कपाळाला हात लावला. प्लंबर खो-खो हसत भिंतीला टेकला. मी त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या उद्यापायी झालं हे," तसा तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "आजच आनतो ताई, आत्ता आनतो."

वरून पन्नी टर्रकन फाटल्याचा आवाज आला. पाइपाने एक लांब श्वास घेतला. खरंच घेतला, खाली आम्हा सगळ्यांना ऐकू आला. कमोड गप्प झाला. "उरलेले ड्रमही सोडा!" मी म्हणाले. काकू, सून, मी, तिघींनी मिळून शेवटचे ड्रम पाडले, वरून गोधड्यांचं पाणी, त्यावर बादल्या. कमोडमधलं पाणी थाळीतल्या पाण्यासारखं निश्चल. दादा गच्चीवरून थेट गल्लीत धावला, आणि चेंबरवर वाकून ओरडत राहिला, "अजून सोडा! अजून सोडा बे! काय चालून राह्यलं हे!" शेजारपाजारचे त्याच्या भोवती जमले आणि गटारात डोकावून बघू लागले. मी एवढी खूश होते की मला नाचावंसं वाटत होतं. मी थोडी नाचलेही, ओट्यावर, घोटाभर पाण्यात.

परत आले तर आईची खुर्ची रिकामी होती.

कोठीचं दार बंद होतं. आतून वॉकरचा टकटक आवाज आला, मग भिंतीतला दांडा धरल्याचा करकर आवाज, आणि मग कडी सरकल्याचा. दादाही तेवढ्यात आला. तो घाबरून दाराशी गेला. "आई, कडी नको लावू! काही झालं तर? आम्ही इथेच उभे आहोत."

"लावली म्या," आई आतून म्हणाली. आवाज चांगला खणखणीत होता. "अन् तुमी दोघं दाराशी उभे राहू नका. जा तिकडं."

दादा दारावर हात ठेवून तसाच उभा राहिला. मग त्याने हात काढला. आम्ही दोघं मागच्या अंगणात गेलो, आणि मला रडू कोसळलं. तो माझ्याकडे न बघता खिशातून फोन काढून तिचं तिकीट रद्द करत होता.